हिमोग्लोबिन ७.६ आलंय, बाटली चढवायची का?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी १९ वर्षांची, वजन ४५ किलो, रोज बसनं बेळगावला कॉलेजला जाते. दोन महिने झाले, जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, चेहरा पांढराफटक दिसतो. तपासणीत हिमोग्लोबिन ७.६ आलं. एका डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्त चढवायला सांगितलं. सासूबाई बीट आणि डाळिंबाचा रस पाजताहेत, दीर म्हणतात मिरजेला न्या. दहावीतला मुलगा विचारतोय, रक्त म्हणजे असतं तरी काय आणि ते कमी कसं होतं. रिपोर्टाची प्रत सोबत आहे.

ताई, रिपोर्ट मी दोनदा वाचला. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. मुलगी बसल्या जागी धापत नसेल, छातीत दुखत नसेल, कुठून भळाभळा रक्त जात नसेल, तर आज बाटली चढवू नका. लोह सुरू करा आणि लोह गेलं कुठं ते शोधा. ज्यांनी बाटली सांगितली त्यांना मी दोष देत नाही. ८ च्या खालचं हिमोग्लोबिन तीव्र ॲनिमियातच मोडतं, आणि घरचे लोकही तेच मागत असतात. तीस वर्षं बेळगावात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेन: "पोरीच्या अंगात रगत न्हाई म्हणत्यात डॉक्टर, एक बाटली लावून सोडा की वो."

पण तुमच्या मुलीच्या अंगात रक्त कमी नाही. बाईमाणसाच्या शरीरात किलोमागे साधारण ६५ मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे ४५ किलोच्या मुलीत तीन लिटरला थोडं कमी. तेवढं तिच्यात आहे. कमी पडलाय तो त्या रक्तातला लाल भाग.

मुलाला हे असं दाखवा. लॅबमध्ये जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. ती यंत्रात गरगर फिरवली की रक्ताचे थर पडतात. वर पिवळसर पाणी, ते प्लाझ्मा. मध्ये साईसारखी पातळ पांढरी रेघ, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. खाली गडद लाल थर. निरोगी माणसात शंभरातले पंचावन्न भाग प्लाझ्मा आणि चाळीस-पंचेचाळीस भाग लाल थर असतो. तुमच्या मुलीच्या रिपोर्टात हिमॅटोक्रिट २६ लिहिलंय. तिच्या नळीत लाल थर फक्त २६ भाग भरला, बाकी सगळं पिवळं.

त्या पिवळ्या पाण्याला मात्र कमी लेखू नका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असलं तरी उरलेल्यात अल्ब्युमिन आहे, जे पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते फार घटलं की पायांवर सूज येते. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्यात आहेत. जखम बुजवणारं फायब्रिनोजेन आहे, शिवाय साखर, क्षार, हार्मोन आणि मूत्रपिंडाकडे निघालेला कचरा.

आता लाल पेशी. ती हाडांच्या आतल्या मगजात तयार होते, दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास. बाहेर पडण्याआधी ती आपलं केंद्रक टाकून देते, म्हणजे हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते. १२० दिवस ती शरीरभर फिरते आणि शेवटी मुख्यतः प्लीहेत मोडली जाते. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि ऑक्सिजन धरतात ते हेच. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन उचलतं. हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातले ग्रॅम, म्हणून १३ हिमोग्लोबिन असलेल्या मुलीचं १०० मिलिलिटर रक्त १७ मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन नेतं, तुमच्या मुलीचं जेमतेम १०. पायांच्या स्नायूंची मागणी मात्र तेवढीच. मग हृदय काय करणार? फेऱ्या वाढवणार. तिला धडधडतं ते म्हणून. तिच्या हृदयात दोष आहे असं यावरून समजू नका.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती समजली की बाटलीचा प्रश्न आपोआप सुटतो. शरीर लोहाच्या बाबतीत फार काटकसरी आहे. जुन्या पेशी मोडून निघालेलं वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह ते रोज परत वापरतं, अन्नातून फक्त १ ते २ मिलिग्रॅम आत घेतं. लोह मुद्दाम बाहेर टाकायची वाट शरीराला नाहीच. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून थोडं जातं, आणि खरं जातं ते रक्तासोबत. एक मिलिलिटर चांगल्या रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जाणं सर्वसाधारण. ८० च्या वर जायला लागलं की दर महिन्याला तीस-चाळीस मिलिग्रॅम लोह गेलं, आणि एवढी भरपाई आपल्या जेवणातून होत नाही. आधी साठा रिकामा होतो, तेव्हा हिमोग्लोबिन ठीकच दिसतं. साठा संपल्यावर ते घसरायला लागतं. तुमच्या मुलीची ही गोष्ट दोन महिन्यांची नाही. वर्षभर तरी आधी सुरू झाली असणार.

आता हिशेब करा. ४५ किलोच्या मुलीचं हिमोग्लोबिन ७.६ वरून १३ वर न्यायचं आणि साठाही भरायचा तर हजार मिलिग्रॅमहून थोडं जास्तच लोह लागतं. रक्ताच्या एका बाटलीत २०० ते २५० मिलिग्रॅम असतं. दोन बाटल्यांनी आकडा २ नं वाढेल, घर आनंदेल, साठा रिकामाच राहील. गळती चालू असेल तर चार-सहा महिन्यांत मुलगी परत तिथंच.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. बाटली चढवली की पुरावा पुसला जातो. दुसऱ्याच्या लाल पेशी तिच्या पेशींत मिसळतात आणि पुढचे तीन महिने तिचं रक्त काय सांगतंय ते नीट वाचता येत नाही. म्हणून नमुना घ्यायचा तो आधी.

तिचा नमुना आज बरंच सांगतोय. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ते ८० ते १०० हवं, तिचं ६४ आहे. आरडीडब्ल्यू १९, म्हणजे पेशी लहान-मोठ्या, एकसारख्या नाहीत. लाल पेशींची संख्या ४१ लाख. एमसीव्हीला या संख्येनं भागायचं, संख्या दशलक्षांत धरून: ६४ भागिले ४.१, उत्तर १५.६. मेंट्झर यांनी १९७३ मध्ये ही सोपी युक्ती दिली. उत्तर १३ च्या वर आलं तर लोहाची कमतरता, खाली आलं तर थॅलेसेमिया या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा वाहक असण्याची शक्यता. वाहकाच्या पेशीही लहानच असतात, पण संख्येनं भरपूर, पंचावन्न-साठ लाखांपर्यंत. ही युक्ती इशारा देते, निकाल नाही. म्हणून सीरम फेरिटिन करून घ्या. ते साठ्याचं माप आहे, आणि ते कमी आलं की शंका उरत नाही.

थॅलेसेमियाबद्दल इथंच बोलतो, कारण आपल्या भागात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, कानडी घरांत सख्ख्या मामाशीही लग्न होतं. वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला कळतही नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल थॅलेसेमिया मेजरचं जन्मेल. अशा मुलाला पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. नात्यात दोघांनाही तोच दोष एकाच आजी-आजोबांकडून मिळण्याची शक्यता वाढते. मुलीची एचपीएलसी ही तपासणी एकदा करा, पण लोह भरून आल्यावर. लोह कमी असताना ज्या अंशावरून वाहक ओळखतात तो, म्हणजे हिमोग्लोबिन ए२, खोटा कमी दिसू शकतो. लग्न ठरवताना पत्रिका बघता ना, तेव्हा हा कागदही शेजारी ठेवा.

मग गळती कुठं? आधी तिला एकटीला बसवून पाळीबद्दल विचारा. किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का. मुली आईलासुद्धा सांगत नाहीत, "सगळ्यांनाच असं असतं" म्हणून सहन करतात. पहिल्या पाळीपासूनच जास्त जात असेल, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, दात काढल्यावर थांबलं नसेल, तर व्हॉन विलेब्रांड हा रक्त गोठण्याचा आजार तपासायला हवा. तो हिमोफिलियाहून जास्त आढळतो आणि मुलींनाही होतो.

मग पाय बघा. खानापूरकडं भाताची शेती, चिखलात अनवाणी रोप लावणी. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि लहान आतड्यात जाऊन चिकटतात. त्यातल्या एका जातीचा एक किडा दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला थोडं वाटतं, पण पन्नास किडे असतील तर रोजचं आठ-दहा मिलिलिटर झालं, पाळीपेक्षा कितीतरी जास्त. शौचाची तपासणी करा. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंताची गोळी देतात ती धाकट्यानं चघळून खाल्ली का, तेही विचारा.

मूळव्याध, वारंवार घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, जेवणावर लगेच चहा, हेही विचारायचं. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी मशेरीबद्दल नेहमी विचारतो. सकाळी मशेरी लावली की भूक मरते, आणि पोटात अन्नच कमी जातं.

हे "का" विचारणं मी एकदा चुकवलंय. चिकोडीकडचा ५८ वर्षांचा शेतकरी होता, हिमोग्लोबिन ६.८, पेशी बारीक. मी रिपोर्टावर "लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया" असं बरोबर लिहिलं आणि नमुना बाजूला ठेवला. या वयाच्या पुरुषाला पाळी नाही, मग लोह गेलं कुठून, हे त्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. एका दवाखान्यात त्याला तीन बाटल्या चढल्या, तो शेतावर परत गेला. आठ महिन्यांनी आला तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कर्करोग वाढलेला होता. तिथून रक्त थेंबथेंब जातं, शौचात दिसतही नाही. त्यानंतर पन्नाशीपुढच्या माणसाचा असा रिपोर्ट हातात आला की मी फोन केल्याशिवाय सही करत नाही.

आता बीट. बिटाचा रंग लाल असतो तो बिटाच्या स्वतःच्या रंगद्रव्यानं, त्याचा रक्ताशी संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. सासूबाईंचं मन मोडू नका, रस चालू द्या, पण त्यावर विसंबू नका. अळिवाचा लाडू, कुळीथ, मटकी, हिरव्या पालेभाज्या हे जास्त कामाचं, आणि त्यावर लिंबू हवंच, कारण वनस्पतीतलं लोह आतड्यात सहज शिरत नाही, क जीवनसत्त्व म्हणजे व्हिटॅमिन सी त्याला दार उघडून देतं. चहा ते बंद करतो. जेवण आणि चहात तासाभराचं तरी अंतर ठेवा. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी आणि आपल्याकडं करतात ती रक्ती यांतलं लोह सर्वांत सहज लागू पडतं. माळकरी घर असेल तर बी१२ ची पातळी बघा. ते वनस्पतीत नसतंच, दूध-दह्यातून थोडं मिळतं. बी१२ कमी असलं की पेशी उलट मोठ्या होतात, हातापायांना मुंग्या येतात. दोन्ही कमी असली तर एमसीव्ही मध्येच कुठंतरी येतं आणि रिपोर्ट बरा असल्याचा भास होतो.

एवढ्या कमी आकड्यावर निव्वळ जेवणानं भागणार नाही, गोळी हवीच. दिवसातून एकदाच, उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. मळमळ झाली तर एक दिवसाआड घ्या, त्यानं फारसं बिघडत नाही. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि आतड्याचा दरवाजा साधारण दिवसभर आखडतो. म्हणून दिवसातून तीनदा गोळ्या घेतल्यानं पोट बिघडतं, लोह त्या मानानं वाढत नाही. शौच काळी होईल, घाबरू नका. आमच्याकडं निम्म्या मुली त्या काळ्या रंगाला भिऊनच दुसऱ्या आठवड्यात गोळी सोडतात. आणखी काही जणी हिमोग्लोबिन १२ झालं की सोडतात, तेव्हा साठा अजून रिकामाच असतो. आकडा सुधारल्यावर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची. गोळी अजिबात सोसली नाही तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं, पण ते दवाखान्यातच घ्यायचं.

रक्त कधी चढवायचं मग? बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, चालू रक्तस्राव, किंवा बाळंतपण जवळ आलेलं आणि आकडा फार खाली, तेव्हा वेळ घालवू नये. बाळंतपणात १२ हिमोग्लोबिनच्या बाईचं अर्धा लिटर रक्त गेलं तर ती सावरते, ७ वाल्या बाईचं तेवढंच गेलं तर जिवावर बेततं. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं बाळंतपणातला रक्तस्राव कमी कसा करायचा याचा अभ्यास झाला, २००६ मध्ये तो लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १६२० बायकांपैकी ज्यांना बाळंतपणानंतर लगेच एएनएमनं, म्हणजे गावातल्या परिचारिकेनं, गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. खेड्यातल्या परिचारिकांच्या हातून झालेलं हे काम जगभर वाचलं गेलं, याचा मला फार अभिमान आहे.

बाटली लागलीच तर गट जुळवणं हे फक्त ए, बी, ओ बघण्यापुरतं नसतं. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये हे गट जगापुढं मांडले, पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे लोक सापडले ज्यांचं रक्त ओ सारखं दिसतं आणि ओ रक्तही त्यांना चालत नाही. हाच बॉम्बे गट. मुंबईत साधारण दहा हजारात एक. म्हणून पेशींसोबत सीरमची, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पिवळ्या पाण्याची, उलट तपासणी आणि क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याचं रक्त घेणाऱ्याच्या रक्ताशी जुळवून पाहणं, सोडायचं नसतं. "ओ आहे, कुणाचंही ओ चालेल" म्हणून घाई करणाऱ्या नातेवाइकांना मी इथंच थांबवतो. मुलीचा गट निगेटिव्ह असेल तर तो कार्डावर आत्ताच लिहून ठेवा. पुढं पॉझिटिव्ह गटाचं बाळ झालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं.

रिपोर्टातलं बाकीचं चांगलं आहे. पांढऱ्या पेशी ७,२०० (४,००० ते ११,००० हव्यात), त्यांचं वाटपही ठीक, रक्ताच्या कर्करोगाची भीती मनातून काढा. प्लेटलेट ५.१ लाख म्हणजे थोड्या जास्त, लोह कमी असलं की तसं होतं, लोह भरलं की उतरतात.

प्लेटलेट म्हटलं की पावसाळ्यात सगळ्यांना डेंग्यूच आठवतो. त्यात आकडा खाली जाण्यापेक्षा ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपणं जास्त घातक. तेव्हा हिमॅटोक्रिट वर चढतो, पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, माणूस मलूल होतो. ताप उतरला म्हणून सुटकेचा श्वास टाकतो त्याच दिवशी हे घडतं, पपईच्या पानांचा रस पाजण्यात तो दिवस घालवू नये.

आणि रक्त गोठतं म्हणजे काय, हे मुलाला समजवायला आपल्या उसाच्या फडातल्या सर्पदंशाइतकं चांगलं उदाहरण नाही. कापल्यावर प्लेटलेट भोकाशी चिकटून तात्पुरतं बूच बसवतात, मग प्लाझ्मातल्या घटकांची साखळी पेटते आणि फायब्रिनोजेनचे धागे होऊन त्या बुचाला जाळीत बांधतात. घोणस किंवा फुरसं चावलं की त्यांचं विष ही साखळी शरीरभर एकदम पेटवून देतं. फायब्रिनोजेन खर्ची पडतं आणि मग रक्त गोठतच नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर सर्पविषाची लस ताबडतोब. नळी साबणानं धुतलेली असेल तर निकाल चुकतो, म्हणून मी नव्या नळ्या वेगळ्या काढून ठेवतो. लहान दवाखान्यात, रात्री दोन वाजता, या एका नळीवर निर्णय झालेले मी पाहिलेत. चावलेल्या जागी दोरी आवळणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं यातलं काही करू नका, हात-पाय न हलवता माणसाला दवाखान्यात न्या.

मिरजेला न्यायची आज गरज नाही. पुढं कुठंही, कोल्हापूर, गोवा की हुबळी, गेलात तर आत्ताचा मूळ रिपोर्ट सोबत ठेवा. प्रत्येक ठिकाणी नव्यानं रक्त काढतात आणि आधीचं काय होतं हे कुणालाच कळत नाही. आपल्याकडं फॉर्म कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत आणि पेशंट मराठीत, त्यात बरंच हरवतं. न समजलेल्या प्रत्येक आकड्यापुढं डॉक्टरांकडून मराठीत एक ओळ लिहून मागा, कुणी नाही म्हणत नाही.

या आठवड्यात फेरिटिन, बी१२, शौचाची तपासणी आणि रक्तगट. गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा, मात्र फेरिटिनचं रक्त आधी द्या. पाळीची तारीख आणि पॅडची संख्या एका वहीत लिहायला मुलीला सांगा. चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. तेव्हा हिमोग्लोबिन एक-दोननं वाढलेलं हवं. वाढलं नसेल तर गोळी पोटात जातेय का ते बघायचं, जात असूनही वाढलं नसेल तर पुढचा शोध. दोन्ही रिपोर्ट आणि ती वही मला पाठवा, मी बघून सांगेन.